नकाराचा अधिकार आणि निनावी जाळे : सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपन्यांच्या एका अधिकाराचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

व्यापाऱ्याने कोणाशी व्यवहार करावा आणि कोणाशी करू नये हे ठरविण्याचे स्वातंत्र्य करारविषयक कायद्याने सामान्यतः गृहीत धरले आहे. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या दहाव्या कलमात करारासाठी पक्षांची मुक्त संमती आवश्यक मानली आहे; आणि ज्याला संमती देण्याची मोकळीक आहे त्याला ती न देण्याचीही मोकळीक असलीच पाहिजे. हा सिद्धांत इतका परिचित आहे की त्याची चर्चा करण्याचे प्रयोजन सहसा उद्भवत नाही. परंतु काही व्यवसाय असे असतात की त्यांतील नकाराचा परिणाम नाकारलेल्या ग्राहकापुरता मर्यादित राहत नाही. त्या ग्राहकावर विसंबून असलेल्या, आणि कंपनीला व ग्राहकालाही अज्ञात असलेल्या असंख्य त्रयस्थांपर्यंत तो पोहोचतो. इंटरनेटवर सर्व्हर भाड्याने देण्याचा व्यवसाय अशांपैकी एक होय.

या व्यवसायातील कंपन्यांना सामान्यतः होस्टिंग कंपन्या म्हणतात. त्या ग्राहकाला संगणक, वीज, इंटरनेटची जोडणी आणि आयपी पत्ता पुरवितात. त्यांवर काय चालवावे हे ग्राहक ठरवितो. बहुसंख्य ग्राहक संकेतस्थळे चालवितात. काही थोडे ग्राहक मात्र या सर्व्हरवर 'टॉर' या निनावी जाळ्याचे रिले चालवितात, म्हणजे अनोळखी लोकांची वाहतूक आपल्या सर्व्हरमधून पुढे जाऊ देतात. काही कंपन्या आपल्या अटींत यास स्पष्ट मनाई करतात. काही विशिष्ट प्रकारच्या रिलेपुरती मनाई करतात. आणि काही अटींत काहीच न लिहिता तक्रारी येऊ लागल्यावर सर्व्हर बंद करतात.

असा नकार देण्याचा कंपनीला अधिकार आहे काय, असल्यास त्याचा आधार व मर्यादा कोणत्या, आणि तो अधिकार निर्विवाद मानला तरी त्याच्या वापराचा एकूण परिणाम काय होतो, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे: अधिकार आहे, परंतु प्रत्येक कंपनीचा नकार सुटा पाहिला असता समर्थनीय असला, तरी त्या सर्व नकारांची बेरीज समर्थनीय असेलच असे नाही. म्हणून चर्चा अधिकाराच्या अस्तित्वापेक्षा त्याच्या वापराच्या रीतीची व्हावयास हवी.

२. टॉर जाळ्याची रचना

ज्या तंत्रावर टॉर उभे आहे त्याचा उगम १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत झाला. २००२ साली जाळे प्रत्यक्ष कार्यान्वित झाले. २००४ साली रॉजर डिंगलडाईन, निक मॅथ्यूसन व पॉल सिव्हर्सन यांनी त्याच्या रचनेचे विवेचन करणारा निबंध प्रसिद्ध केला. आणि २००६ साली त्याची देखभाल करणारी 'टॉर प्रोजेक्ट' ही ना-नफा संस्था स्थापन झाली. नौदलाने निर्मिलेले साधन सर्वांना खुले का करण्यात आले, असा प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो. त्याचे उत्तर या तंत्राच्या स्वरूपातच आहे. ज्या जाळ्यातून केवळ नौदलाचेच लोक जातात त्यातून आलेला प्रत्येक संदेश नौदलाचाच असणार, हे पाहणाऱ्यास आपोआप कळते. निनावीपण एकट्याला मिळत नाही; ते गर्दीतच मिळते.

वापरणाऱ्याचा संदेश सामान्यतः तीन रिलेंमधून जातो. पहिला प्रवेश रिले, दुसरा मधला रिले, तिसरा निर्गम रिले. संदेशावर सांकेतिक लिपीची तीन आवरणे असतात आणि प्रत्येक रिले आपल्या वाट्याचे एक आवरण काढतो. त्यामुळे प्रत्येक रिलेला आपल्या अलीकडचा व पलीकडचा एवढाच दुवा ठाऊक असतो. प्रवेश रिलेला वापरणारा कोण हे कळते, पण तो कोठे चालला हे कळत नाही; निर्गम रिलेला गंतव्य कळते, पण प्रवासी कोण हे कळत नाही. जाळ्यात असे काही हजार रिले आहेत. ते स्वयंसेवक व छोट्या संस्था स्वखर्चाने चालवितात. त्यांतील पुष्कळसे भाड्याच्या सर्व्हरवर असतात, कारण घरगुती जोडणीवर पुरेशी क्षमता नसते आणि निर्गम रिले घरून चालविणे जोखमीचे असते.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने यातील एक भेद सर्वांत महत्त्वाचा आहे. ज्या संकेतस्थळाशी संपर्क साधला जातो त्याला केवळ निर्गम रिलेचाच आयपी पत्ता दिसतो. कोणी त्या संकेतस्थळावर शिवीगाळ केली, लेखाधिकाराचा भंग केला वा आक्रमण केले, तर नोंदीत पत्ता उमटतो तो निर्गम रिलेचा. आणि तक्रार जाते ती त्या पत्त्याची मालकी असलेल्या होस्टिंग कंपनीकडे. प्रवेश व मधले रिले केवळ दुसऱ्या रिलेंशी वा जाळ्यात शिरणाऱ्यांशी बोलतात. बाहेरच्या जगाला त्यांचा पत्ता गुन्ह्याच्या जागी दिसण्याचे कारण नसते. 'टॉर रिलेला मनाई' असे सरसकट वाक्य जेव्हा कंपनीच्या अटींत येते, तेव्हा जोखमीच्या दृष्टीने अत्यंत भिन्न असलेल्या या वस्तू एकाच नावाखाली मोजल्या जातात.

३. कंपन्या नकार का देतात

नकारामागील कारणे काल्पनिक नाहीत, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

पहिले कारण तक्रारींचे. निर्गम रिलेविषयी येणाऱ्या तक्रारी बहुधा यांत्रिक पद्धतीने पाठविलेल्या असतात, पण त्या वाचून त्यांची वासलात लावण्यासाठी माणूस लागतो. महिन्याच्या अल्प भाड्यात हा खर्च बसत नाही. २०१६ साली क्लाउडफ्लेअर या कंपनीने असा दावा केला होता की, तिला टॉरमधून येणाऱ्या विनंत्यांपैकी ९४ टक्के विनंत्या अपायकारक असतात. टॉर प्रोजेक्टने या गणनेच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. मुख्य मुद्दा असा होता की, एकाच निर्गम पत्त्यावरून असंख्य लोक बाहेर पडत असल्यामुळे त्यांतील थोड्या उपद्रवी लोकांचा डाग सर्वांवर लागतो. हा आक्षेप ग्राह्य धरला, तरी तक्रारी येतात ही वस्तुस्थिती उरतेच.

दुसरे कारण पत्त्यांच्या प्रतिष्ठेचे. जुन्या पद्धतीच्या आयपी पत्त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा २०११ च्या फेब्रुवारीत संपला. तेव्हापासून असे पत्ते ही कंपनीची मोलाची मालमत्ता झाली आहे. काळ्या याद्या ठेवणाऱ्या संस्था कधी एका पत्त्याऐवजी आसपासच्या पत्त्यांचा सबंध गटच यादीत घालतात. मग शेजारच्या निरुपद्रवी ग्राहकाची टपाले परत येऊ लागतात आणि तो कंपनी सोडून जातो. येथे प्रश्न एका ग्राहकाच्या स्वातंत्र्याचा न राहता दुसऱ्या ग्राहकाच्या नुकसानीचाही होतो.

तिसरे कारण तपासयंत्रणेचे. गुन्ह्याचा माग आयपी पत्त्यावरून काढला जातो आणि तो निर्गम रिलेपाशी येऊन थांबतो. २००६ साली जर्मनीत पोलिसांनी सर्व्हर जप्त केले त्यांत टॉरचे सर्व्हरही होते. २०१७ साली मॉस्कोतील एका गणिताच्या अध्यापकास, त्याच्या निर्गम रिलेच्या पत्त्यावरून दुसऱ्याच कोणी प्रसृत केलेल्या चिथावणीखोर मजकुरासाठी अटक झाली. प्रथम तुरुंगात व नंतर घरीच स्थानबद्धतेत काही महिने काढल्यावर २०१८ साली त्याच्यावरील आरोप मागे घेण्यात आले. कंपनीची यंत्रे जप्त झाली तर त्यांच्यावरील इतर ग्राहकांचे कामही थांबते. ही भीती व्यापाऱ्याच्या हिशेबात धरणे अनुचित म्हणता येत नाही.

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ही तिन्ही कारणे मुख्यत्वे निर्गम रिलेला लागू पडतात. मधल्या रिलेला ती अंशतःच लागू पडतात. रिलेंचे पत्ते प्रकट असल्यामुळे काही अविवेकी याद्या सर्वच रिलेंची नोंद करतात, एवढेच.

४. अधिकाराचा आधार व त्याच्या जुन्या मर्यादा

नकाराचा अधिकार करारस्वातंत्र्यातून निघतो हे वर सांगितलेच आहे. पण इंग्लिश सामान्य विधीने या स्वातंत्र्याला फार पूर्वीपासून काही अपवाद केले आहेत. सराईचा मालक आणि सार्वजनिक मालवाहक यांनी येणाऱ्या कोणालाही, वाजवी कारणाखेरीज, नकार देता कामा नये असा तो नियम होय. याचे प्रसिद्ध अलीकडचे उदाहरण म्हणजे १९४४ चा कॉन्स्टन्टाइन विरुद्ध इंपीरियल लंडन हॉटेल्स हा खटला. वेस्ट इंडीजचे ख्यातनाम क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टन्टाइन यांना लंडनमधील एका हॉटेलाने जागा नाकारली होती. न्यायालयाने त्यांचा हक्क मान्य करून पाच गिनींची नाममात्र भरपाई दिली. भारतातही १८६५ च्या वाहक अधिनियमाने सार्वजनिक वाहकाची व्याख्या, भेदभाव न करता सर्वांचा माल भाड्याने नेणारा, अशीच केली होती. त्या अधिनियमाची जागा पुढे २००७ च्या रस्ते वाहतूकविषयक अधिनियमाने घेतली.

या नियमाच्या मुळाशी दोन तत्त्वे आहेत. एक असे की, ज्याने 'येईल त्याला सेवा देईन' असे जगाला सांगितले आहे त्याने ऐन वेळी शब्द फिरवू नये. दुसरे असे की, ज्याच्याखेरीज ग्राहकाला अन्य मार्ग नाही त्याच्या इच्छेवर ग्राहकाला सोडू नये. दुसऱ्या तत्त्वाचा विकास गोदामांच्या संदर्भात झाला, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. कारण होस्टिंगचा व्यवसाय हा एका अर्थी गोदामाचाच व्यवसाय आहे. १८१० च्या ऑलनट विरुद्ध इंग्लिस या खटल्यात लंडनच्या गोदी कंपनीने, आयात मद्य साठविण्याचा विशेषाधिकार तिला मिळालेला असल्यामुळे, वाजवी भाड्यातच माल ठेवून घेतला पाहिजे असे ठरले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७७ साली मन विरुद्ध इलिनॉय या खटल्यात शिकागोच्या धान्यकोठारांना हेच तत्त्व लावले आणि सार्वजनिक हिताशी निगडित झालेली खाजगी मालमत्ता नियमनास पात्र ठरते असा निर्णय दिला.

होस्टिंग कंपनीला ही कसोटी लावली तर काय दिसते? सेवा सर्वांना खुली असल्याचे तिची जाहिरात सांगते, परंतु त्याच वेळी तिच्या अटी काही उपयोग वगळतात. म्हणून पहिले तत्त्व अटी स्पष्ट असतील तेथे तिच्याविरुद्ध वापरता येत नाही. अटी मोघम असतील तेथे मात्र ते वापरता येते. दुसरे तत्त्व तर तिला लागूच पडत नाही. कारण जगात अशा कंपन्या पुष्कळ आहेत आणि एकीने नाकारलेला ग्राहक दुसरीकडे जाऊ शकतो. रात्री सराईच्या दारातून परतविलेल्या वाटसरूची स्थिती त्याची नसते. २०२१ च्या जानेवारीत पार्लर या समाजमाध्यम कंपनीने ॲमेझॉनच्या होस्टिंग विभागाविरुद्ध सेवा पूर्ववत करण्याचा तात्पुरता आदेश मागितला तेव्हा सिॲटल येथील संघीय न्यायालयाने तो नाकारला. तो वाद रिलेंचा नव्हता, मजकुराचा होता. पण कराराच्या अटींच्या आधारे सेवा थांबविणाऱ्या कंपनीला सेवा चालू ठेवण्यास भाग पाडणे किती दुष्कर आहे, हे त्यावरून दिसते.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ (२) चा विचारही येथे करता येईल. दुकाने, उपाहारगृहे इत्यादी ठिकाणी प्रवेश नाकारण्यास तो प्रतिबंध करतो आणि २०११ च्या इंडियन मेडिकल असोसिएशनच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने 'दुकान' या शब्दाचा अर्थ व्यापक केला आहे. तथापि हा प्रतिबंध धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान या कारणांपुरता आहे. रिले चालविणे ही व्यक्तीची ओळख नसून मालमत्तेचा एक उपयोग आहे. आणि उपयोगावरून केलेला भेद हा ओळखीवरून केलेल्या भेदाहून निराळा असतो. सारांश, नकाराचा अधिकार या सर्व कसोट्यांतून बहुतांशी अबाधित बाहेर पडतो.

५. नकार कायद्याने लादलेला आहे काय?

पुष्कळदा कंपन्या असे सूचित करतात की, कायद्यामुळे त्यांचा निरुपाय आहे. हे विधान तपासून पाहिले पाहिजे. अमेरिकेत १९९८ च्या लेखाधिकारविषयक कायद्याच्या ५१२ (अ) या कलमाने, युरोपात २००० च्या ई-व्यापार निर्देशाने आणि त्यानंतर २०२२ च्या डिजिटल सेवा अधिनियमाने, केवळ वाहतूक करणाऱ्या मध्यस्थाला इतरांच्या कृत्यांच्या दायित्वापासून संरक्षण दिले आहे. जर्मनीच्या संघीय न्यायालयाने २०१८ च्या जुलैत दिलेल्या 'डेड आयलंड' या संगणकीय खेळाविषयीच्या निर्णयात, खुली बिनतारी जोडणी व टॉरचे निर्गम मार्ग चालविणाऱ्या व्यक्तीवर नव्या तरतुदींनुसार मनाईहुकमाचे दायित्व येत नाही असे सांगितले. विशिष्ट उपाय योजून प्रवेश रोखण्याचा दावा मात्र करता येईल, ही शक्यता खुली ठेवून प्रकरण खालच्या न्यायालयाकडे परत पाठविले. रिले चालविणाऱ्याची ही स्थिती असेल, तर त्याला केवळ सर्व्हर देणाऱ्या कंपनीची स्थिती त्याहून दुर्बळ असण्याचे कारण नाही.

भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याने मध्यस्थाच्या व्याख्येत होस्टिंग सेवा देणाऱ्यांचा नामनिर्देश केला आहे आणि ७९ व्या कलमाने त्यांना सशर्त संरक्षण दिले आहे. २०१५ च्या श्रेया सिंघल निकालाने या कलमातील 'प्रत्यक्ष ज्ञान' याचा अर्थ न्यायालयाचा आदेश वा शासनाची अधिसूचना असा मर्यादित केला. म्हणजे कोणाही खाजगी तक्रारदाराचे पत्र आल्याने संरक्षण नाहीसे होत नाही.

परंतु भारतातील चित्र येथेच पूर्ण होत नाही. 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निदेशांनुसार डेटा सेंटरे, आभासी सर्व्हर भाड्याने देणाऱ्या व क्लाउड सेवा देणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकाचे पडताळलेले नाव व पत्ता, दिलेले आयपी पत्ते आणि सेवा भाड्याने घेण्याचा हेतू यांची नोंद करून ती सेवा संपल्यानंतर पाच वर्षे जपून ठेवावयाची आहे. शिवाय यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस ठेवावयाच्या आहेत. भारतातील डेटा सेंटरांची सर्वांत मोठी वस्ती मुंबई व नवी मुंबई येथे असल्यामुळे या निदेशांचा भार महाराष्ट्रातील व्यवसायावर विशेषत्वाने पडतो. हे निदेश रिले चालविण्यास मनाई करीत नाहीत. पण जिला ग्राहकाचा हेतू लिहून ठेवावा लागतो त्या कंपनीला 'मला ठाऊक नव्हते' असे म्हणण्याची सोय उरत नाही. आणि ज्याला ठाऊक आहे त्याला नकार देणे अधिक सुरक्षित वाटते. कायदा येथे नकाराची आज्ञा करीत नाही, मात्र नकाराकडे ढकलतो.

तेव्हा निष्कर्ष असा की, नकार हा बहुतेक ठिकाणी कायद्याने लादलेला नसून तो एक व्यापारी निर्णय आहे. व्यापारी निर्णय म्हणून त्याचा बचाव करता येतो. पण मग त्याची चिकित्साही व्यापारी निर्णय म्हणूनच झाली पाहिजे.

६. तक्रार आणि पुरावा

या चिकित्सेसाठी २०२४ सालचे एक प्रकरण फार उपयुक्त आहे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या अखेरीस टॉरच्या अनेक रिले-चालकांना आपापल्या होस्टिंग कंपन्यांकडून सूचना येऊ लागल्या की, तुमच्या सर्व्हरवरून इतर संगणकांची दारे ठोठावून पाहण्याचा प्रकार चालू आहे. आश्चर्याची गोष्ट ही की, हे रिले मुख्यत्वे निर्गम रिले नव्हतेच. त्यांच्यावरून बाहेरच्या संगणकांशी अशी वाहतूक होण्याचे कारण नव्हते. तपासात असे आढळले की, कोणी एक अज्ञात इसम प्रेषकाच्या जागी टॉर रिलेंचे पत्ते खोटेच घालून ठिकठिकाणी संदेश पाठवीत होता. संदेश ज्यांच्याकडे गेले त्यांच्या स्वयंचलित यंत्रणांनी त्या खोट्या पत्त्यांविरुद्ध तक्रारी धाडल्या. स्वतंत्र संशोधकांच्या साहाय्याने या संदेशांचा खरा उगम शोधण्यात आला आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी तो बंद पाडण्यात आला. दरम्यान काही रिले तात्पुरते बंद पडले होते.

या प्रकरणाचे मर्म असे. आक्रमकाने टॉर जाळ्यातील एकही सर्व्हर फोडला नाही, एकही सांकेतिक लिपी उलगडली नाही. त्याने केवळ होस्टिंग कंपन्यांच्या नकाराच्या अधिकाराचा हत्यार म्हणून उपयोग केला. टपालाच्या पाकिटावर पाठविणाऱ्याचे नाव कोणीही काहीही लिहू शकतो. संपर्क प्रस्थापित होण्यापूर्वीच्या पहिल्या संदेशातील आयपी पत्त्याचेही तसेच आहे. अशा एकेरी संदेशावर आधारलेली तक्रार पुरावा म्हणून जवळजवळ निरर्थक असते. जी कंपनी तक्रारींची केवळ संख्या पाहून सर्व्हर बंद करते, ती आपला निर्णय वस्तुतः तक्रार करविणाऱ्याच्या हाती देते. अधिकार कंपनीचा राहतो, वापर मात्र परका करतो.

७. नकारांची बेरीज

आता मुख्य प्रश्नाकडे वळता येईल. एका कंपनीच्या नकाराने रिले नाहीसा होत नाही; तो नकार न देणाऱ्या कंपनीकडे जातो. पुष्कळ कंपन्यांनी असे केले की उरलेल्या थोड्या कंपन्यांकडे रिलेंची गर्दी होते. हे केवळ तर्काने सिद्ध करावयाचे नाही. टॉर प्रोजेक्टने रिले-चालकांना दिलेल्या सल्ल्यात, जर्मनीतील हेट्झनर व फ्रान्समधील ओव्हीएच यांसारख्या कंपन्यांकडे आधीच फार रिले असल्यामुळे नवा रिले शक्यतो तेथे उभारू नये, असे सांगितले आहे. देशांचा विचार केला तर जाळ्याचा सर्वांत मोठा वाटा दीर्घकाळ जर्मनीचा राहिला आहे. स्वस्त क्षमता व अनुकूल कायदा ही याची कारणे आहेतच. पण इतरत्र होणारा नकार हेही एक कारण आहे.

एकत्रीकरणाने बिघडते काय? टॉरची सुरक्षितता या गृहीतावर उभी आहे की, मार्गाची दोन्ही टोके एकाच निरीक्षकाला दिसत नाहीत. ती दिसली तर संदेश न उलगडताही केवळ वेळ व आकारमान जुळवून कोण कोणाशी बोलतो हे ताडता येते. २००४ च्या मूळ निबंधातच अशा निरीक्षणापासून संरक्षणाचा दावा केलेला नाही. आणि त्याच वर्षी निक फीमस्टर व डिंगलडाईन यांनी रिलेंच्या स्थानवैविध्याचा स्वतंत्र विचार मांडला होता. जाळ्याने एक खबरदारी घेतली आहे: ज्यांच्या पत्त्यांचे पहिले दोन आकडे समान आहेत असे दोन रिले एका मार्गात निवडले जात नाहीत. परंतु मोठ्या कंपनीकडे असे कितीतरी भिन्न गट असतात. एकाच इमारतीतील दोन सर्व्हर या नियमाच्या दृष्टीने परस्परांना परके ठरू शकतात.

एका सोप्या गणिताने हे स्पष्ट होईल. समजा, जाळ्याची सारी प्रवेश-क्षमता व निर्गम-क्षमता पाच कंपन्यांत समप्रमाणात वाटलेली आहे. मार्गाची निवड यदृच्छेने होत असेल, तर दोन्ही टोके एकाच कंपनीत पडण्याची संभाव्यता पाचांत एक, म्हणजे २० टक्के राहील. हीच क्षमता पन्नास कंपन्यांत वाटली तर ती २ टक्क्यांवर येईल. वापरणाऱ्याचा प्रवेश रिले काही महिने तोच राहतो आणि निर्गम रिले मात्र वारंवार बदलतो, हे लक्षात घेतले म्हणजे फरक अधिक तीव्र होतो. पाच कंपन्यांच्या जाळ्यात दहा मार्गांपैकी निदान एकाची दोन्ही टोके एकाच कंपनीत येण्याची संभाव्यता सुमारे ८९ टक्के होते. पन्नास कंपन्यांच्या जाळ्यात ती सुमारे १८ टक्के असते. हे आकडे कल्पित वाटणीचे आहेत, प्रत्यक्ष मोजणीचे नव्हेत. परंतु दिशा त्यांवरून निःसंशय कळते. कंपनी स्वतः पाहत असेल असेही मानण्याचे कारण नाही. तिला आज्ञा करू शकणारी वा तिच्यात शिरकाव करू शकणारी कोणतीही सत्ता पाहू शकते, एवढे पुरेसे आहे.

दुसरा परिणाम अधिक विपरीत आहे. जो चालक प्रामाणिकपणे 'मी निर्गम रिले चालविणार आहे' असे सांगतो त्याला नकार मिळतो. जो सांगत नाही त्याला सर्व्हर मिळतो. २०२० च्या मे महिन्यात जाळ्याच्या निर्गम-क्षमतेपैकी २३ टक्क्यांहून अधिक क्षमता एकाच दुष्ट हेतूच्या चालकाच्या हाती गेल्याचे एका स्वतंत्र संशोधकाने दाखवून दिले होते. वापरणाऱ्यांचे सुरक्षित संपर्क असुरक्षित करून त्यांतील बिटकॉइनचे पत्ते बदलणे हा त्याचा उद्योग होता. प्रामाणिक चालकांची संख्या जितकी घटेल तितका अशा चालकाचा वाटा, त्याने काहीही न करता, वाढतो. म्हणजे उपद्रव टाळण्यासाठी दिलेल्या नकारांची बेरीज उपद्रवी चालकाच्या पथ्यावर पडते.

येथे दोषी कोण, असे विचारल्यास उत्तर देता येत नाही. प्रत्येक कंपनीने आपला अधिकार वाजवी कारणासाठी वापरला आहे. हानी कोणा एकीच्या नकारात नाही, ती सर्वांच्या नकारात आहे. ऑलनटपासून मनपर्यंतच्या न्यायपरंपरेत ही स्थिती बसत नाही. कारण ती परंपरा एका बलाढ्य गोदामवाल्याला गृहीत धरते, अनेक छोट्या गोदामवाल्यांच्या एकमुखी संकोचाला नव्हे.

८. उपसंहार

यावर उपाय म्हणून सर्व कंपन्यांवर रिले ठेवून घेण्याची सक्ती करावी, असे सुचविणे सोपे आहे. पण ते योग्य नाही. शेजारच्या ग्राहकाच्या नुकसानीचा व तक्रारी हाताळण्याच्या खर्चाचा प्रश्न सक्तीने सुटत नाही. आणि ज्याला मनाविरुद्ध रिले ठेवून घ्यावा लागला आहे असा यजमान विश्वासार्हही नसतो. अधिकार कायम ठेवून त्याच्या वापराला शिस्त लावणे, हाच मार्ग उरतो. वरील विवेचनातून त्या शिस्तीची चार अंगे निष्पन्न होतात.

पहिले, मनाई करावयाची असेल तर ती करारापूर्वी स्पष्ट शब्दांत लिहावी. मोघम अटीच्या आधाराने मागाहून केलेला नकार हा शब्द फिरविण्यासारखाच होय. दुसरे, निर्गम रिले आणि इतर रिले यांत भेद करावा; ज्या जोखमीसाठी नकार दिला जातो ती जेथे नाही तेथे नकारही नसावा. तिसरे, तक्रारींची संख्या न मोजता त्यांचा आधार तपासावा. पूर्ण झालेल्या संपर्काची नोंद नसलेल्या तक्रारीवरून सर्व्हर बंद करू नये. चौथे, सेवा थांबविण्यापूर्वी कारण कळवावे व उत्तर देण्यास मुदत द्यावी. युरोपच्या डिजिटल सेवा अधिनियमाने अटी स्पष्ट असाव्यात, निर्बंध वस्तुनिष्ठ व प्रमाणबद्ध असावेत आणि होस्टिंग सेवेने निर्बंधाची कारणे द्यावीत असे सांगितलेच आहे. त्या तरतुदी मुख्यतः ग्राहकाने पुरविलेल्या मजकुरासंबंधी आहेत आणि रिले हा मजकूर नव्हे. तरीही त्यांतील तत्त्व येथे अनुकरणीय आहे. निर्गम रिलेसाठी स्वतंत्र पत्ते देऊन तक्रारी थेट चालकाकडे वळविण्याची व्यवस्थाही कंपनीला करता येते. तिच्यामुळे शेजाऱ्यांचे रक्षण होते आणि नकाराचे मुख्य कारणच क्षीण होते.

बेरजेच्या प्रश्नाला मात्र शिस्तीने पूर्ण उत्तर मिळत नाही. त्यासाठी यजमानांची संख्याच वाढली पाहिजे. या दृष्टीने विद्यापीठांचे स्थान विशेष आहे. अनेक विद्यापीठांकडे स्वतःचे आयपी पत्ते असतात आणि तक्रारीचे उत्तर देण्याचे सामर्थ्यही असते. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकन संस्थेने २०२३ साली विद्यापीठांनी रिले चालवावेत असे आवाहन केले ते याच कारणासाठी. त्यापूर्वी २०१५ साली न्यू हॅम्पशायरमधील लेबनन या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाने, पोलिसांच्या शंकांमुळे थांबविलेला आपला रिले विश्वस्त मंडळापुढे खुली चर्चा होऊन पुन्हा सुरू केला होता. भारतातील विद्यापीठाला असे पाऊल टाकताना सर्ट-इनच्या निदेशांचा व ७९ व्या कलमातील अटींचा विचार आधी करावा लागेल, आणि प्रारंभ मधल्या रिलेपासून करणे श्रेयस्कर ठरेल.

व्यापाऱ्याला नकाराचा अधिकार आहे. तो काढून घेण्याचे कारण नाही. परंतु तो वापरताना, आपण एका ग्राहकाला परत पाठवीत नसून एका जाळ्याचा आकार ठरवीत आहोत, याची जाणीव त्याच्या ठायी असली पाहिजे. आणि ती त्याच्या ठायी नसेल तेथे ती निर्माण करणे हे कायद्याच्या व तंत्राच्या अभ्यासकांचे काम आहे.